फोटो कोणाच्या हाती?

२ ऑक्टोबर २००६. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले होते. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मदीक्षेला त्या वर्षी पन्नास वर्षं पूर्ण होत होती, आणि ठिकठिकाणचे वार्ताहर नि छायाचित्रकार त्या दसऱ्याला नागपुरात होते. तिथून शंभर किलोमीटरांच्या आत, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी हे गाव आहे. तीनच दिवसांपूर्वी, २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी, तिथे दलित कुटुंबातल्या सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि रोशन व सुधीर हे दोन मुलगे यांना गावच्या जमावाने ठार मारलं होतं. प्रेतं कालव्यात सापडली. घरातले एकटे, सुरेखांचे पती भैयालाल वाचले. एवढे कॅमेरे एवढ्या जवळ असूनही ही बातमी कितीतरी दिवस आतल्या पानांवर पडून राहिली. जी छापून आली तिच्यातही कारण म्हणून मेलेल्या बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवलेलं होतं.

महिनाभराने चित्र पालटलं, आणि त्यात त्या मृतदेहांच्या छायाचित्रांचा वाटा मोठा होता. पत्रकांवर छापून, झेरॉक्स काढून, ईमेलने ती फिरली. विहारांतल्या बैठकांमध्ये ती हातोहात गेली. ती कुठल्या प्रदर्शनासाठी किंवा पुरस्कारासाठी काढलेली नव्हती. रचना, प्रकाश, क्षण पकडणं वगैरे ज्या गुणांवर आपण छायाचित्राची पारख करतो त्यांतला एकही गुण त्यांना लावून बघावा असं नाही. पण नोव्हेंबर २००६ मध्ये भंडारा, नागपूर, कामठी, अमरावती, यवतमाळ इथे जो उद्रेक झाला त्यामागे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले ते फोटो होते. अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. आंदोलनामागे नक्षलवादी असावेत, असा संशय तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी बोलून दाखवला. तपास सीबीआयकडे गेला तो या रेट्यामुळे.

छायाचित्रं समाज बदलतात का, या प्रश्नावर मराठीत बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. आपल्याकडे हा विषय निघाला की बहुतेक जण लांबची उदाहरणं देतात. ती खरी आहेत आणि मीही देणार आहे. पण भंडारा जिल्ह्याने या कलेपुढे जो प्रश्न ठेवला त्याला आपण अजून नीट हात घातलेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की छायाचित्राची ताकद त्याच्या चौकटीत कमी आणि ते ज्यांच्या हातात जातं त्यांच्यात जास्त असते. डॉक्युमेंटरी फोटोग्राफीची स्थिती तपासताना कोण काय टिपतंय एवढंच पाहून भागणार नाही. टिपलेलं कोणापर्यंत पोचतं, कोणाच्या नावाने, आणि त्यानंतर त्याचं काय होतं, हेही पाहायला हवं.

त्या फोटोंमध्ये काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. त्यांच्यामुळे आंदोलन उभं राहिलं हे मान्य करूनही एक गोष्ट मला सतत टोचत राहते. त्यांत एका तरुण मुलीचा देह होता, आणि तो हजारो अनोळखी माणसांनी पाहिला. तिला कोणी विचारणार नव्हतं. वाचलेल्या बापाला कोणी विचारलं असेल तर तेही कुठल्या मनःस्थितीत! अमेरिकेत १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला मिसिसिपीत हालहाल करून मारलं. त्याची आई, मेमी टिल, हिने शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाला बघू दे, ही तिची भूमिका होती. काळ्यांसाठी निघणाऱ्या ‘जेट’ साप्ताहिकाने ते छायाचित्र छापलं. खुनी सुटले; गोऱ्या ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवलं. पण त्या छायाचित्राने एक पिढी उभी केली आणि त्याच वर्षअखेरीस माँटगोमेरीचा बस बहिष्कार सुरू झाला. खैरलांजीशी याचं साम्य उघड आहे. फरकही तितकाच उघड आहे. तिथे दाखवायचं की नाही हे आईने ठरवलं. इथे आईच मारली गेली होती. मग ठरवण्याचा हक्क समाजाने आपल्याकडे घेतला, कारण राज्ययंत्रणा आणि वर्तमानपत्रं दोन्ही गप्प होती. हा हक्क समाजाला होता असं मला वाटतं. पण चळवळीच्या हातून निसटून ते फोटो पुढे इंटरनेटवर ज्या रीतीने फिरत राहिले, त्याचं समर्थन मला करता येत नाही. तोच फोटो पोलिसांच्या फाइलीत पुरावा असतो, विहारात आरोपपत्र असतो, आणि कोणाच्याही स्क्रीनवर कसल्याही संदर्भाविना उघडला की त्या मुलीची पुन्हा विटंबना असते. फोटो बदललेला नसतो. हात बदललेले असतात.

याचा सर्वांत ठळक दाखला खैरलांजीवरच्या एका पुस्तकाच्या नावात दडलेला आहे. आनंद तेलतुंबडे यांनी २००८ मध्ये खैरलांजीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याचं उपशीर्षक अमेरिकेतल्या ‘स्ट्रेंज फ्रूट’ या गाण्यावरून घेतलेलं आहे. हे गाणं जन्माला आलं एका छायाचित्रातून. ऑगस्ट १९३० मध्ये इंडियाना राज्यातल्या मेरियन गावात गोऱ्या जमावाने दोन काळ्या तरुणांना झाडाला फाशी दिलं. लॉरेन्स बाइटलर नावाच्या तिथल्या स्टुडिओवाल्याने प्रेतांचा आणि खाली उभ्या असलेल्या बघ्यांचा फोटो काढला. त्या फोटोच्या हजारो प्रती त्याने आठवण म्हणून विकल्या, आणि लोकांनी विकत घेऊन घरी नेल्या. तोच फोटो न्यूयॉर्कमधले शिक्षक एबेल मीरोपोल यांच्या पाहण्यात आला. ते हादरले, त्यांनी कविता लिहिली, तिला चाल लावली, आणि १९३९ मध्ये बिली हॉलिडेने ते गाणं ध्वनिमुद्रित केलं. जमावाच्या हातात जो फोटो फुशारकी होता, तोच दुसऱ्या हातात गेल्यावर जमावावरचा आरोप झाला, आणि सत्तरपंच्याहत्तर वर्षांनी त्याचे पडसाद मोहाडी तालुक्यातल्या एका गावापर्यंत पोचले.

मग खैरलांजीत त्या छायाचित्रांनी काय साधलं? सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी ठेवली. हा जातीय अत्याचार आहे हे म्हणणं न्यायालयात टिकलं नाही. ते सूडातून झालेलं हत्याकांड ठरलं. म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ते फोटो पाहून जे लख्ख दिसलं होतं, ते कायद्याच्या चौकटीत दिसू शकलं नाही. छायाचित्र कृत्य दाखवतं. त्यामागची जात, जमिनीच्या वाटेचा तंटा, वर्षानुवर्षांचा डूख हे त्यात उमटत नाही. उमटायचं असेल तर कोणीतरी आधीपासून तिथे जाऊन राहिलेलं असावं लागतं. हत्याकांडानंतरची दहा वर्षं, जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात निधन होईपर्यंत, भैयालाल यांचा थकलेला चेहरा हाच खैरलांजीचा फोटो राहिला. दरवर्षी सप्टेंबर आला की तो छापला जाई.

या भूभागात कॅमेरा आला तोही माणसं मोजायलाच आला. भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले. त्यांत छायाचित्रं आहेत. समोर उभी केलेली माणसं, खाली जातीचं किंवा धंद्याचं नाव. त्या माणसाचं स्वतःचं नाव मात्र नाही. हे खंड आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात आणि हिरालाल यांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. पण माणसाला त्याच्या नावाने न ओळखता नमुना म्हणून ओळखायची जी सवय तेव्हा लागली, ती शंभर वर्षांनंतरही सुटलेली नाही.

ती कुठे दिसते? दर जुलैत आपल्या वर्तमानपत्रांत येणारा रोवणीचा फोटो बघा. भंडारा धानाचा जिल्हा. मृगानंतर पऱ्हे टाकले जातात, चिखलणी होते, आणि पाऊस धरला की बांधीबांधीत बायांच्या रांगा वाकलेल्या दिसतात. हिरवं, पाण्यात पडलेलं आभाळ, रंगीत लुगडी. फोटो छान येणारच. खाली ओळ ठरलेली: ‘धान रोवणीत मग्न महिला’. कोणत्या गावची, कोणाच्या शेतातली, रोजाने की गुत्त्याने, किती तास पाण्यात, पाठीचं नि पायांचं काय झालं, संध्याकाळी हातात किती पडलं, यातलं काहीच नसतं. मग्न या शब्दाने सगळं झाकून टाकलं जातं. २०१७ मध्ये तुडतुड्याने या भागातलं धान बसवलं, तेव्हा करपलेल्या बांध्यांचे फोटो आले. त्यांतही उभ्या शेतकऱ्याच्या हातात पेंढी आणि नजर जमिनीकडे, ही एकच मुद्रा. छायाचित्रकाराला दोष देऊन मला थांबायचं नाही. तालुक्याच्या ठिकाणी जो माणूस हे काम करतो त्याला बातमीही लिहायची असते, जाहिरातीही आणायच्या असतात, आणि दुपारी चारच्या आत फोटो पाठवायचा असतो. बऱ्याचदा त्याचं स्वतःचंही नाव छापत नाहीत. ‘छाया’ या शब्दापुढे नुसतं ‘प्रतिनिधी’ असतं. ज्याला स्वतःला नाव मिळत नाही, त्याने चिखलात उतरून समोरच्या बाईचं नाव विचारावं ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

तरी ती अपेक्षा करायलाच हवी, कारण ओळ ही या कलेचा अर्धा भाग आहे. अमेरिकेत १९०८ पासून लुइस हाइनने गिरण्यांत, खाणींत, शेतांत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. आत शिरायला तो नाना सोंगं करी, आणि मुलाचं नाव, वय, पगार, कामाचे तास लपून टिपून घेई. बालमजुरीविरोधी समितीने त्या नोंदींसकट फोटो वापरले, आमदार-खासदारांपुढे ठेवले, पत्रकांत छापले. कायदे व्हायला वर्षं लागली. पण हाइनचे फोटो आजही उभे आहेत ते मुलांच्या मोठ्या डोळ्यांमुळे जेवढे, तेवढेच त्या टिपणांमुळे. भंडाऱ्यात बिड्या वळणाऱ्या बायांचे, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींतल्या कामगारांचे, आंधळगाव-मोहाडीकडच्या कोसा विणणाऱ्या कोष्ट्यांचे फोटो निघतात. हाइनसारखी टिपणं त्यांच्यासोबत निघत नाहीत.

विदर्भ म्हणून जे चित्र गेल्या वीस वर्षांत देशाच्या मनात ठसलं, त्यात भंडारा जवळजवळ नाही. तेही एका विशिष्ट प्रकारच्या फोटोमुळे घडलं. दारात बसलेली तरुण विधवा, मांडीवर नवऱ्याची फ्रेम, फ्रेमला हार. यवतमाळ-वर्ध्याच्या कापूसपट्ट्यातल्या आत्महत्यांची ही खूण बनली. हे फोटो काढणाऱ्यांत मनापासून काम करणारे अनेक होते, आणि त्या फोटोंचा परिणाम झाला हेही नाकारता येणार नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. ते सहा जिल्ह्यांसाठी होतं: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम, वर्धा. पूर्वेकडचा धानपट्टा त्यात नव्हता. पॅकेजच्या याद्या फोटो बघून होत नाहीत, त्याला आकडेवारी आणि राजकारण लागतं. पण एकदा का संकटाचा चेहरा ठरला की त्या चेहऱ्याशी न जुळणारं दुःख दिसेनासं होतं. आणि ज्यांचं दिसतं त्यांचंही काय होतं? घरी आलेल्या प्रत्येक छायाचित्रकारापुढे फ्रेम घेऊन बसायचं हे त्या बायांना न सांगता कळू लागलं. त्यांच्यातल्या एकेकीने नवऱ्यामागे शेत कसं कसलं, कर्ज कसं फेडलं, सातबाऱ्यावर नाव लावायला किती हेलपाटे घातले, ही कामं करतानाचा तिचा फोटो फार थोड्यांनी काढला.

या ठिकाणी पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘दिसणारं काम, न दिसणाऱ्या बाया’ या आशयाच्या प्रदर्शनाची आठवण अपरिहार्य आहे. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेले हे फोटो. मला त्यांच्याइतकाच त्यांचा प्रवास महत्त्वाचा वाटतो. ते बसस्थानकांवर, रेल्वे स्थानकांवर, कारखान्यांच्या दारात, शेतमजुरांच्या मेळाव्यांत लावले गेले. ज्यांचे फोटो होते त्यांच्यासारख्यांनीच ते पाहिले. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये साईनाथांनी ग्रामीण भारताचं ‘पारी’ हे डिजिटल संग्रहालय सुरू केलं. त्यात मराठीसह अनेक भाषांत मजकूर येतो, माणसाला नाव असतं, गावाला तालुका असतो. आज देशातल्या या प्रकारच्या कामाचा विचार ‘पारी’ला वगळून होऊ शकत नाही. माझी तक्रार एवढीच की हा मजकूर मोबाइलवर वाचणारा आणि ज्या बाईचा फोटो आहे ती, यांच्यामध्ये पूर्वी जो बसस्थानकाचा फलक होता तो आता उरलेला नाही.

मराठी छायाचित्रकारांत दोन नावं मी मुद्दाम घेतो, कारण दोघांनी थांबून काम केलं. मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांसोबत बराच काळ घालवून फोटो काढले. गटारात उतरलेला माणूस त्यांनी दाखवला आणि त्याच माणसाची खोली, त्याची बायको, त्याची दारूही दाखवली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हाताने मैला काढण्यावर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ मध्ये आला, तरी गटारात गुदमरून माणसं आजही मरतात. या कामाने प्रश्न सुटला असं कोणी म्हणणार नाही. पण मुंबईतला वाचक त्या माणसाला ‘नमुना’ म्हणून पाहू शकला नाही, हे त्या थांबण्याचं फळ आहे. दुसरे संदेश भंडारे. तमाशावरचं त्यांचं पुस्तक २००६ मध्ये आलं. फडाचा ट्रक, राहुटीतली चूल, आरशापुढे बसलेली थकलेली कलावंतीण, लेकरं: कलेच्या मागचं कष्टाचं जग त्यांनी उघडं केलं. पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशाला जशी ही नजर लाभली तशी झाडीपट्टीच्या रंगभूमीला लाभावी अशी माझी फार इच्छा आहे. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजहून निघणाऱ्या मंडळ्या, शंकरपटाच्या गावी रात्रभर चालणारं नाटक, लाखांदूर-साकोलीकडची दंडार आणि खडी गंमत यांत केवढं तरी सामाजिक वास्तव साठलेलं आहे. गुन्हा किंवा आपत्ती घडल्याशिवाय ज्या भागाकडे कॅमेरा वळत नाही, त्या भागाच्या रोजच्या जगण्याचा फोटो काढणं हेच मुळात एक सामाजिक काम आहे.

आपत्तीचे कॅमेरे किती लवकर निघून जातात हे भंडाऱ्याने ९ जानेवारी २०२१ ला पुन्हा पाहिलं. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. सतरा बाळांपैकी दहा दगावली, सात वाचवता आली. सकाळपासून फोटो यायला लागले: काजळलेला कक्ष, बाहेर कोसळलेले नातेवाईक, मग नेत्यांच्या भेटी. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात आगीने पंधरा रुग्ण गेले, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहाहून अधिक. भंडाऱ्याच्या फोटोंनी खैरलांजीच्या फोटोंसारखं काही का केलं नाही? दुःख कमी नव्हतं. दहा तान्ही बाळं! पण ते आईबाप वेगवेगळ्या गावांतून आलेले, गरीब, एकमेकांना न ओळखणारे होते. तो फोटो हातात घेऊन दारोदार फिरेल, वर्षभर पाठपुरावा करेल अशी संघटना त्यांच्यामागे नव्हती. वर्तमानपत्राकडून फोटो निघाला आणि वर्तमानपत्रातच संपला. खैरलांजीच्या वेळी आंबेडकरी समाजाचं विहारांचं, मंडळांचं, पत्रकांचं जाळं आधीच विणलेलं होतं. कित्येक दशकं ते विणलं गेलं होतं. फोटो त्या जाळ्यात पडला म्हणून त्याचं वादळ झालं.

संघटना असूनही फोटो पुरा पडतोच असं नाही. २०१२ मध्ये मध्य प्रदेशातल्या घोगलगावला ओंकारेश्वर धरणाचे विस्थापित गळ्याएवढ्या पाण्यात सतरा दिवस उभे राहिले. सोलवटलेल्या तळपायांचे, पाण्यावर दिसणाऱ्या डोक्यांच्या रांगांचे फोटो जगभर गेले. सरकारने पाण्याची पातळी खाली आणायला मान्यता दिली. त्याच दिवसांत शेजारच्या हरदा जिल्ह्यात इंदिरा सागर धरणाचे विस्थापित तसेच पाण्यात उभे होते. त्यांना पोलिसांनी उचलून बाहेर काढलं. एकाच पाण्यातले, एकाच मागणीचे, जवळजवळ सारखे दिसणारे फोटो, आणि निकाल उलटे.

इंदिरा सागर हे आपल्या गोसीखुर्दचंही नाव आहे, आणि इथून पुढे मला सगळ्यात जास्त जे म्हणायचं आहे ते सुरू होतं. पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. आज तो कितीतरी हजार कोटींवर गेला आहे. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं टप्प्याटप्प्याने पाण्याखाली गेली. माणसं पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली, मोर्चे निघाले, पाण्यात उभं राहून आंदोलनं झाली. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच पाण्यात येऊन मिळतं, जलपर्णी माजते, धिवरांची मासेमारी आणि काठच्या गावांचं पाणी दोन्ही त्यात नासतं. पस्तीस वर्षांहून अधिक काळ हळूहळू घडत आलेली ही घटना आहे. तिला एक क्षण नाही, म्हणून तिचा एक फोटो नाही. खैरलांजीसारखी ती एका संध्याकाळी घडली नाही, आणि म्हणून लोकांच्या मनात तिची प्रतिमाच तयार झाली नाही.

आता मात्र एक प्रतिमा तयार झाली आहे. आंभोऱ्याला, मुकुंदराजांशी नातं सांगणाऱ्या त्या जुन्या तीर्थस्थळी, वैनगंगेवर केबलचा भव्य पूल झाला. २०२४ पासून लोक तिथल्या उंच गॅलरीत जाऊन पाणी बघतात, आणि ड्रोनने काढलेले त्या निळ्या विस्ताराचे फोटो रोज हजारोंच्या मोबाइलवर फिरतात. पूल सुंदर आहे. भंडारा-नागपूरच्या लोकांना त्याचा अभिमान वाटतो, आणि वाटावा. पण वरून घेतलेल्या फोटोत पाणी फक्त पाणी असतं. त्याखालची पांढरी, देवळं, बोडी, आमराई, पाटलाचा वाडा आणि महारवाडा यातलं काहीच वरून दिसत नाही. या जलाशयाची जी प्रतिमा पुढच्या पिढीला मिळणार आहे ती एकट्या ड्रोनची असता कामा नये, असं मला कळकळीने वाटतं.

त्यासाठी दिल्ली-मुंबईहून कोणी येण्याची वाट पाहायची गरज नाही. भंडाऱ्यात, पवनीत, तुमसरात, साकोलीत चाळीसचाळीस वर्षं चाललेले स्टुडिओ आहेत. लग्नं, मुंजी, नामकरणं, शाळेचे गट-फोटो त्यांनीच काढले, आणि खेड्यापाड्यांत पोलिसांना पंचनाम्यासाठी फोटो हवा असला की बोलावणं येतं तेही बऱ्याचदा स्टुडिओवाल्यालाच. लग्नाचा मांडव आणि अपघातातलं प्रेत एकाच माणसाच्या रोलवर. जिल्ह्याचा एवढा मोठा दृश्य-इतिहास दुसऱ्या कोणाकडे नाही. रोल गेले, डिजिटल आलं, स्टुडिओ बंद पडले, निगेटिव्हची खोकी माळ्यावर गेली किंवा भंगारात. ती गोळा करायला आपल्या विद्यापीठांना, ग्रंथालयांना, कलासंस्थांना अजून सुचलेलं नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या गटाने धिवरांबरोबर बसून माजी मालगुजारी तलावांतले मासे आणि वनस्पती नोंदवल्या, लोकांकडचं ज्ञान लोकांच्या नावाने मांडलं. त्या चिकाटीचं काम फोटोंच्या बाबतीतही होऊ शकतं.

पुनर्वसित वसाहतींतल्या पेट्यांमध्ये बुडालेल्या गावांचे फोटो आहेत. कोणी गावाचं चित्र म्हणून ते काढले नव्हते. नवरदेव मारुतीच्या देवळापुढे उभा राहिला म्हणून मागे देऊळ आलं, बाळाला अंगणात बसवलं म्हणून मागे घराची भिंत आली. ज्यांना त्या भिंतीपलीकडे कोण राहत होतं ते सांगता येतं, त्यांची वयं आता सत्तरीच्या पुढे आहेत. छायाचित्रकाराने घरी जाऊन फोटोची प्रत घ्यावी, मूळ फोटो तिथेच परत ठेवावा, सांगणाऱ्याचं नाव, गावाचं नाव, गल्ली, वर्ष लिहून घ्यावं, आणि त्याच माणसाचा आजचा फोटो त्याच्या आजच्या दारात काढावा. मग हे सगळं नागपूर-मुंबईच्या दालनात नेण्याआधी पवनीच्या बसस्थानकात लावावं. तिथे बाजाराला आलेली माणसं फलकापुढे उभी राहून चुका दाखवतील. ही गल्ली ती नव्हे, हा अमक्याचा थोरला नव्हे धाकटा, ही विहीर आमच्या मोहल्ल्यातली. त्या दुरुस्त्या करून ओळी पुन्हा छापाव्यात, आणि फलकाखाली एक पेटी ठेवावी, म्हणजे ज्यांच्या गावाचा एकही फोटो अजून लागलेला नाही त्यांना आपल्याकडचा आणून देता येईल.